तुरुंगातला मानसशास्त्रज्ञ कोणाचा असतो?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. मानसशास्त्रात एम.ए. संपत आलंय आणि तुरुंगात किंवा पोलिसांबरोबर काम करायची इच्छा आहे, तर तिथे दिवसभर नेमकं काय करतात, ही पहिली. घरचे म्हणतात गुन्हेगार सुधारत नसतात, मग हे काम वाया जाणारं आहे का, ही दुसरी. तिसरी तुम्ही शेवटी जाता जाता विचारलीत: पगार प्रशासन देतं आणि समोर कैदी बसतो, तर आपण कोणाच्या बाजूचे? माझी अठरा वर्षं तुरुंगात आणि त्यातली काही पोलिसांना शिकवण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगते, तिसऱ्याचं उत्तर मनाशी पक्कं नसेल तर पहिल्या दोन्हींत चूक होते. म्हणून सगळं त्याच अंगाने लिहिते आहे.

आधी रोजच्या कामाबद्दल. सकाळी पहिला कागद हातात येतो तो काल रात्री दाखल झालेल्यांच्या यादीचा. आत आल्यानंतरचे पहिले काही तास आणि पहिले काही दिवस आत्महत्येच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात. माझी नजर यादीत काही ठरावीक माणसं शोधते: आयुष्यात पहिल्यांदाच आत आलेला, दारू किंवा नशा अचानक तुटलेला, घरच्याच माणसाच्या खुनाचा आरोप असलेला, पूर्वी स्वतःला इजा करून घेतलेला. यांना मी त्याच दिवशी भेटते. बाकीचे दुसऱ्या दिवशी भेटले तरी चालतात.

भेटल्यावर आडवळणाने विचारत नाही. झोप लागली का, घरी कळलंय का, जेवलात का, एवढं झालं की सरळ विचारते, "मरून जावं असं मनात येतंय का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल अशी भीती नव्या सहकाऱ्यांना हमखास वाटते. तसं होत नाही. बहुतेकांचे खांदे त्या प्रश्नाने खाली येतात, कारण रात्रभर जे एकट्याने धरून ठेवलं होतं ते कोणीतरी शब्दांत मांडलेलं असतं.

तरीही फक्त प्रश्नोत्तरांवर विसंबू नका. एक तरुण माझ्यासमोर हसतमुख बसला होता. सगळ्या प्रश्नांना "नाही, मी ठीक आहे" एवढंच उत्तर. कागदावर त्याची जोखीम कमी निघाली असती. तो गेल्यावर बराकीवरचा शिपाई दारात थांबला आणि म्हणाला, "मॅडम, त्याने सकाळी स्वतःचा साबण, टॉवेल आणि ब्लँकेट शेजारच्याला देऊन टाकलंय." मी त्याला परत बोलावलं. दोन तास बसलो. मग त्याला दोन शांत, जुन्या कैद्यांबरोबर ठेवलं, घरी फोन करू दिला, रात्रपाळीच्या तिघांना नावानिशी सांगितलं. तो वाचला तो त्या शिपायामुळे. बराकीतली माणसं चोवीस तास डोळ्यांसमोर असणाऱ्यांना जे दिसतं ते आपल्या खोलीत कधीच दिसणार नाही, म्हणून शिपाई आणि हवालदारांशी रोज दहा मिनिटं बोलणं हा माझ्या कामाचा भाग आहे. त्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवते.

धोका पहिल्या आठवड्यानंतर संपतो असंही नाही. जामीन नाकारला गेला, शिक्षा सुनावली गेली, बायकोचं घटस्फोटाचं पत्र आलं, आई गेली आणि अंत्यविधीला जाता आलं नाही, अशा प्रत्येक दिवशी तो परत येतो. सुटकेच्या आधीच्या महिन्यातही येतो, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. बाहेर कोणी वाट पाहत नसलेल्या माणसाला दरवाजा उघडण्याचीच भीती वाटते.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. पहिल्या भेटीत, काहीही विचारण्याआधी, मी हे बोलून दाखवते: "तुम्ही इथे सांगाल ते माझ्यापाशी राहील. पण तुमच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा पळून जायचा बेत असेल, तर मला ते वर कळवावं लागेल, आणि कळवण्याआधी मी तुम्हाला तसं सांगेन." कच्च्या कैद्याला आणखी एक गोष्ट सांगते: "खटला चालू आहे तोवर त्या रात्री काय घडलं याचा तपशील मला सांगू नका. न्यायालयाने माझ्या नोंदी मागवल्या तर मला त्या द्याव्या लागू शकतात. तो तपशील वकिलाला सांगा. माझ्याशी आज तुमचं काय चाललंय ते बोला."

हे मी चूक करून शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कैद्याने बोलता बोलता सांगितलं की त्याच्या बराकीत कोणाकडे तरी मोबाइल आहे. कोणाच्या जिवाला त्यातून धोका नव्हता. चहा पिताना मी ते एका अधिकाऱ्याजवळ बोलून गेले. संध्याकाळी झडती झाली. बोलणारा कोण हे बराकीला कळायला वेळ लागला नाही आणि त्याला मार खावा लागला. पुढचे तीन महिने माझ्या खोलीत स्वतःहून कोणीही आलं नाही. त्याची माफी मी मागितली, त्याने ती दिलीही, पण त्या तीन महिन्यांत ज्यांना बोलायची गरज होती त्यांचं काय झालं असेल हा विचार अजून येतो.

म्हणून माझं मत ठाम आहे: जो उपचार करतो त्यानेच पॅरोलसाठी किंवा न्यायालयासाठी मूल्यांकन करू नये. उपचारात माणूस आपलं सर्वांत वाईट रूप उघडं करतो. तेच पुढे त्याच्याविरुद्ध अहवालात आलं तर त्याची फसवणूक होते, आणि येणार आहे हे त्याला आधीच माहीत असेल तर तो खरं बोलणारच नाही. मनुष्यबळ कमी असल्यामुळे दोन्ही कामं एकाकडेच येतात, हे मला ठाऊक आहे. तसं करावंच लागलं, तर आज कोणत्या कामासाठी बसलो आहोत हे दर भेटीत स्पष्ट सांगा.

ही सीमा पुसली की काय होतं याचं सर्वांत वाईट उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००१ नंतर दहशतवादाच्या संशयितांकडून माहिती काढण्यासाठी सीआयएने जी क्रूर चौकशीपद्धत वापरली, तिची आखणी दोन मानसशास्त्रज्ञांनी केली होती. माणूस कशाने मोडतो हे आपल्या विषयातलं ज्ञान, आणि ते मोडण्यासाठीच वापरलं गेलं. २०१५ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या परिषदेने १५७ विरुद्ध १ मतांनी राष्ट्रीय सुरक्षेच्या अशा चौकशांत सहभागी व्हायला आपल्या सदस्यांना बंदी केली. ही बंदी यायला इतकी वर्षं लागली याचं मला आजही वाईट वाटतं.

घरच्यांचा आक्षेप आता घेऊ. "काहीच उपयोग होत नाही" हे वाक्य नुसतं लोकांच्या तोंडी नव्हतं, ते अभ्यासातूनही आलं होतं. रॉबर्ट मार्टिन्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये तुरुंगांतल्या सुधारणा कार्यक्रमांचे २३१ अभ्यास तपासून जवळपास तोच निष्कर्ष मांडला आणि त्याचा आधार घेऊन अनेक ठिकाणी कार्यक्रम गुंडाळले गेले. १९७९ मध्ये त्याने स्वतःच आपलं म्हणणं मागे घेतलं. काही कार्यक्रम उपयोगी पडतात, काही अपाय करतात, असं त्याने लिहिलं. पहिलं वाक्य सगळ्यांनी ऐकलं, दुसरं फारसं कोणी ऐकलं नाही.

पुढे कॅनडात डॉन अँड्र्यूज आणि जेम्स बोंटा यांनी कशाचा उपयोग होतो हे नीट मांडलं. त्यांचं म्हणणं मी सोप्या भाषेत सांगते. ज्याचा पुन्हा गुन्हा करण्याचा संभव जास्त त्याच्यावर जास्त मेहनत घ्या, कमी संभव असलेल्याला फारसं ओढू नका. गुन्ह्याशी थेट जोडलेल्या गोष्टींवर काम करा: संगत, नशा, "समोरच्याने डिवचलं तर मारायलाच हवं" अशी समजूत, रिकामा वेळ. आणि शिकवायची पद्धत त्या माणसाला पेलेल अशी ठेवा. ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातात फॉर्म देऊ नका. यातला पहिला मुद्दा नव्या लोकांना पटत नाही. एखादा सौम्य, शिकलेला, पहिल्यांदाच चुकलेला माणूस गटात बसला की गट चालवणं सोपं जातं, म्हणून त्यालाच घेतात. पण त्याला सराईतांबरोबर सहा महिने बसवलं तर तो त्यांच्याकडून काय शिकेल याचा विचार करा.

गटात आम्ही करतो ते एक काम सांगते, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. मारहाणीच्या गुन्ह्यातला जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, "एकदम डोकं फिरलं, पुढचं आठवत नाही." मी फळ्यावर उजव्या टोकाला तो क्षण लिहिते आणि मागे जायला सांगते. त्याच्या पाच मिनिटं आधी कुठे होतात? तासभर आधी? सकाळी? एकाच्या बाबतीत आम्ही मागे मागे जात तीन दिवसांपर्यंत पोचलो. कामावरून काढलं होतं, ते घरी सांगितलं नव्हतं, उसने पैसे मागायला गेला तिथे अपमान झाला, मग दारू, मग ज्या मित्राशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं त्याचा फोन, मग खिशात चाकू. फळ्यावर चौदा पायऱ्या झाल्या. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मी चाकू घेतला तेव्हा डोकं ठिकाणावर होतं." त्या वाक्यापर्यंत यायला त्याला पाच महिने लागले होते. तिथून खरं काम सुरू झालं: यातल्या कोणत्या पायरीवरून उतरता आलं असतं, आणि पुढच्या वेळी कोणाला फोन करायचा.

पण चांगल्या हेतूने केलेलं सगळं चांगलं ठरतं असं समजू नका. वाट चुकलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दरडावून घ्यायचं, म्हणजे ती सुधारतील, ही कल्पना १९७० च्या दशकात अमेरिकेत फार लोकप्रिय झाली. मोजमाप झालं तेव्हा दिसलं की अशा भेटीला गेलेल्या मुलांनी न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले. याहून मनाला लागलेला आकडा इंग्लंड आणि वेल्सचा आहे. तिथे लैंगिक गुन्हेगारांसाठीचा मुख्य गटउपचार वर्षानुवर्षं चालला, त्यात माझ्यासारख्याच लोकांनी जीव ओतला होता. २०१७ च्या सरकारी अभ्यासात उपचार घेतलेल्या सुमारे अडीच हजार जणांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला होता, आणि न घेतलेल्या तशाच लोकांत हे प्रमाण ८ टक्के होतं. कार्यक्रम बंद झाला. ते वाचल्यापासून मी माझ्या प्रत्येक गटाच्या बाबतीत विचारते की यातून सुटलेल्यांचं पुढे काय झालं हे कोण मोजतंय. कोणीच मोजत नसेल, तर आपण उपकार करतोय की अपाय, हे आपल्यालाही माहीत नसतं.

आत मनाने आजारी किती असतात, हेही सांगते. १२ देशांतल्या जवळपास २३,००० कैद्यांचे अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला आढावा मला सर्वांत भरवशाचा वाटतो. त्यात पुरुषांपैकी ३.७ टक्क्यांना सायकोसिससारखा गंभीर आजार आणि १० टक्क्यांना तीव्र नैराश्य होतं. स्त्रियांत हे प्रमाण ४ आणि १२ टक्के. म्हणजे हजार पुरुष असलेल्या तुरुंगात कुठल्याही दिवशी सदतीसच्या आसपास माणसं अशी असतात ज्यांना आवाज ऐकू येतात किंवा सगळे आपल्यावर टपलेत असं वाटतं, आणि त्यांतल्या अनेकांची नोंद 'उद्धट' किंवा 'नियम मोडणारा' अशी झालेली असते. त्यांना शोधून मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोचवणं हे आपलं काम. औषध आपण देत नाही, पण पहिली शंका बहुतेकदा आपल्यालाच येते.

त्याच आढाव्यात ४७ टक्के पुरुषांना समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार, म्हणजे नियम आणि दुसऱ्यांचे हक्क सतत पायदळी तुडवण्याचा स्वभाव, असल्याचंही म्हटलंय. हा शिक्का मारताना हात आखडता घ्या. तो एकदा फाइलवर बसला की त्या माणसाचं पोटात दुखणंसुद्धा नाटक ठरतं.

शिक्षा म्हणून एकांतकोठडीत ठेवायला "मानसिकदृष्ट्या योग्य" असा दाखला कधी तुमच्याकडे मागितला जाईल. कैद्यांना कसं वागवायचं याबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांत दिवसाचे २२ तास किंवा अधिक माणसाच्या अर्थपूर्ण सहवासाशिवाय ठेवणं म्हणजे एकांतवास, आणि सलग १५ दिवसांहून अधिक असा एकांतवास निषिद्ध, असं स्पष्ट लिहिलंय. आरोग्य कर्मचाऱ्यांनी शिस्तीच्या शिक्षांत भाग घेऊ नये, असंही त्यात आहे. मी असा दाखला देत नाही. रोज जाऊन त्या माणसाला भेटते आणि त्याची तब्येत बिघडत असेल तर तसं लेखी कळवते.

मूल्यांकनाचं काम वेगळं आहे. "हा सुटल्यावर पुन्हा गुन्हा करेल का?" असं पॅरोलचं मंडळ विचारतं आणि हो-नाही उत्तराची अपेक्षा ठेवतं. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे न्यूयॉर्क राज्यात 'अतिधोकादायक' म्हणून सुरक्षा रुग्णालयांत डांबलेल्या सुमारे ९७० जणांना साध्या रुग्णालयांत हलवावं लागलं. पुढची चार वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा बहुतेकांनी कोणावरही हात उचलला नव्हता. तज्ज्ञ धोका किती फुगवून सांगतात हे त्यातून कळलं. तेव्हापासून साधनं बरीच सुधारली, पण मी अहवालात 'धोकादायक' हा शब्द वापरतच नाही. कोणत्या परिस्थितीत, कोणाला, कशा प्रकारचा धोका, तो आधी कशावरून ओळखू येईल आणि कशाने कमी होईल, एवढं लिहिते. दारू सुटलेली असताना आणि भावाकडे राहत असताना जो माणूस बिनधोक असतो, तोच जुन्या वस्तीत परतला की वेगळा असू शकतो.

पोलिसांबरोबरच्या कामाबद्दल लोकांची कल्पना अशी की आपण गुन्ह्याची जागा पाहून गुन्हेगाराचं वर्णन करतो. ते फारच थोडं घडतं आणि त्यावर माझा विश्वासही बेताचाच आहे. १९९२ मध्ये लंडनच्या विंबल्डन कॉमनवर एका तरुण आईचा खून झाला. मानसशास्त्रज्ञाच्या वर्णनात बसतो म्हणून पोलीस एका निरपराध माणसाच्या मागे लागले, त्याला जाळ्यात ओढायला एक महिला पोलीस मैत्रीण म्हणून पाठवली. १९९४ मध्ये न्यायाधीशांनी तो पुरावा फेकून दिला. खरा खुनी २००८ मध्ये दोषी ठरला, आणि मधल्या काळात त्याने आणखी एका आईचा आणि तिच्या लहान मुलीचा जीव घेतला होता.

आपला खरा उपयोग जबाब घेण्यात आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये दीडशे विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा किती होता. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७ जण हो म्हणाले, 'चक्काचूर' ऐकलेल्या ५० पैकी १६. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. हे सांगितल्यावर वर्गातले अधिकारी शांत होतात, कारण "त्याच्या हातात चाकू होता ना?" असं प्रत्येकाने कधी ना कधी विचारलेलं असतं.

दुसरा आकडा त्यांना जास्त झोंबतो. चेहरा आणि हावभाव पाहून खोटं ओळखण्याच्या शेकडो प्रयोगांचा एकत्र हिशेब चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये मांडला: सरासरी अचूकता ५४ टक्के. नाणं उडवून ५० मिळतात. पण "मला बघताच कळतं" असं मानणारा अधिकारी समोरच्याला दोषी धरून बसतो, मग दाब वाढवतो, आणि दबणारा माणूस अखेर न केलेला गुन्हाही कबूल करतो. झोप नाही, नशा तुटलेली, बुद्धी थोडी मंद, वय लहान, अशी माणसं तर फार लवकर. मानसशास्त्रज्ञ गिस्ली गुडजॉन्सन यांनी, जे आधी आइसलंडमध्ये पोलिसांत होते, सूचक प्रश्नांपुढे माणूस किती झुकतो हे मोजायची पट्टी १९८४ मध्ये तयार केली. इंग्लंडमध्ये बॉम्बस्फोटांसाठी चुकीने दोषी ठरलेल्या गिल्डफर्डच्या चौघांची शिक्षा १९८९ मध्ये आणि बर्मिंगहॅमच्या सहा जणांची १९९१ मध्ये रद्द झाली. दोन्ही प्रकरणांत कबुलीजबाब होते. त्यानंतर तिथल्या पोलिसांनी 'पीस' नावाची पद्धत घेतली: तयारी करा, समोरच्याला काय होणार ते सांगा, त्याला मोकळेपणी बोलू द्या, मग विसंगतींवर प्रश्न विचारा, शेवट नीट करा, नंतर स्वतःचं काम तपासा. कबुली मिळवण्यापेक्षा माहिती मिळवण्यावर भर.

माझ्या वर्गात मी अधिकाऱ्यांच्या जोड्या लावते आणि एकाला चार मिनिटं एकही प्रश्न न विचारता ऐकायला लावते. वीस-वीस वर्षं तपास केलेली माणसं पहिल्या मिनिटातच तोंड उघडतात. तिसऱ्या फेरीला जमायला लागतं, आणि तेव्हा जोडीदाराकडून किती जास्त तपशील बाहेर येतो हे पाहून त्यांनाच नवल वाटतं.

ओलीस प्रकरणांत आपण मागे बसून वाटाघाटी करणाऱ्याला चिठ्ठ्या देतो; वेळ जाऊ देणं हेच तिथलं मुख्य काम असतं. मनोरुग्ण व्यक्तीकडे पोलिसांनी कसं जायचं याचं ४० तासांचं प्रशिक्षण अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९८८ मध्ये सुरू झालं आणि ते मला आवडतं, पण त्यावर वेगळं लिहावं लागेल.

पोलिसांच्या स्वतःच्या मनाबद्दल मात्र एक सावधगिरी. भीषण घटनेनंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून काय पाहिलं ते सांगायला लावायची पद्धत फार पसरली आहे. एकदाच घेतलेल्या अशा बैठकीने पुढचा मानसिक आघात टळत नाही, काहींचा त्रास वाढतो, असं अभ्यासांतून दिसलं आहे. मी त्यांना जेवायला, झोपायला, घरी जायला सांगते, माझा नंबर देते आणि महिन्याने स्वतः फोन करते. आणि इथेही पहिलं वाक्य तेच असतं: तुम्ही बोलाल ते तुमच्या साहेबांकडे जाणार नाही. हत्यार काढून घेतील या भीतीनेच ते गप्प असतात.

नोकरीसाठी मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही तीन गोष्टी विचारा. बसायची खोली अशी आहे का, जिथे शिपायाला काचेतून दिसेल पण ऐकू येणार नाही? माझ्या नोंदी कोणत्या कपाटात राहतात आणि किल्ली कोणाकडे असते? आणि माझ्या कामाबद्दल मी कोणत्या ज्येष्ठ मानसशास्त्रज्ञाशी दर आठवड्याला बोलायचं? तिसऱ्याचं उत्तर "कोणी नाही" असं आलं, तर बाहेरचं कोणीतरी आधी शोधा, मगच रुजू व्हा. रुजू झाल्यावर पहिला आठवडा रात्री दाखल होणाऱ्यांच्या खोलीत बसायची परवानगी मागा. वही बंद ठेवा. येणाऱ्याचा पट्टा, चपला, अंगठी काढून घेताना त्याचा चेहरा पाहा, आणि त्याला कोणी नावाने हाक मारली का, तेही पाहा.